'अ' अननसाचा, 'ब' बोंबलाचा

शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच नातीला प्रकल्प मिळाला: 'आपल्या प्रदेशातील अन्नपदार्थ'. तिने वहीत पहिले चित्र चिकटवले ते वडापावचे. माहीममध्ये वाढणाऱ्या मुलीला दुसरे काय सुचणार! मी सहज म्हटले, "अगं, बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. पावही त्यांचाच." पिढ्यान्‌पिढ्या आपण मुलांना 'अ अननसाचा' शिकवतो, तो अननससुद्धा त्याच वाटेने आलेला. पोर हिरमुसली. "मग आपलं काय गं, आजी?"

प्रश्न सोपा नाही. बाहेरून आलेले सारे परके ठरवले, तर ताट निम्मे रिकामे होईल. मला वाटते, पदार्थ कुठून आला यापेक्षा तो इथल्या माती-पाण्याशी आणि ऋतूशी कसा बांधला गेला आहे, हे मुलांना कळायला हवे. आणि ते वहीत कळत नाही.

म्हणून रविवारी तिला दादरच्या बाजारात नेले. रानभाज्या घेऊन बसलेल्या मावशींकडे शेवळाची जुडी होती, शेजारी काकडांचा वाटा. "नुसती शेवळं खाल्लीस तर घसा खाजेल, काकडं घालायचीच," मावशींनी नातीला बजावले. ही भाजी पावसाच्या तोंडावर येते आणि बघता बघता संपते.

पुढे सुके बोंबील घेतले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते जोडीने दोरीवर वाळवतात, हे ऐकून नात हरखली. यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. म्हणून पावसाळ्यात सुके खायचे. समुद्राचे हे वेळापत्रक कोळीवाड्यातल्या मुलाला घरीच कळते. भिंतीपलीकडच्या आमच्या इमारतीतल्या मुलांना मात्र मासा बाराही महिने बर्फात दिसतो.

इथे दोष मुलांचा नाही. 2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी शासनाने माशांच्या 54 जातींसाठी किमान आकारमान ठरवले. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे. माशाची एकदा तरी वीण व्हावी, तोवर त्याला जाळ्यातून सुटू द्यावे, हा हेतू. पण स्वस्त पडतात, अख्खी तळता येतात, म्हणून तळहाताएवढी पापलेटं मीच वर्षानुवर्षे घेत आले. गिऱ्हाईक पिलं मागत राहिले तर जाळेही पिलांसाठीच पडणार. नियम कागदावर झाला. तो पाळायचा आहे पिशवी घेऊन निघणाऱ्यांनी.

नातवंडांना 'आपले अन्न' शिकवायचे म्हणजे पाककृती पाठ करून घ्यायची नव्हे. काय कधी खायचे, आणि काय कधी सोडून द्यायचे, हे त्यांच्या देखत आपण पाळायचे.

वडापावचे चित्र वहीत राहू दिले आहे. त्याखाली शेवळं आणि बोंबील आले. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या की दोघींनी पुन्हा बाजारात जायचे ठरले आहे. नातीने कंपासपेटीतली पट्टी आत्ताच माझ्या पिशवीत टाकून ठेवली आहे.