विश्लेषण : डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह दिसला तरी अंडाशयाला पीळ असू शकतो? सोनोग्राफीवर किती विसंबायचे?

ओटीपोटात एका बाजूला अचानक कळ येते आणि पाठोपाठ उलट्या सुरू होतात. घरी ‘गॅस असेल’ किंवा ‘पाळीचे दुखणे’ म्हणून ओवा, हिंग आणि मग वेदनाशामक गोळी दिली जाते. दवाखान्यात पहिला संशय अपेंडिक्सचा किंवा मुतखड्याचा असतो. अंडाशयाला पीळ पडण्याची शक्यता या यादीत बरीच खाली असते. त्यातच सोनोग्राफीच्या अहवालात ‘अंडाशयात रक्तप्रवाह दिसतो’ असे वाक्य आले, की ती यादीतून पुसलीच जाते. हे वाक्य खरे असूनही निदान का चुकू शकते आणि त्याची किंमत काय, याविषयी…

पीळ पडतो म्हणजे नेमके काय होते?

अंडाशय ओटीपोटात स्नायुबंधांच्या आधाराने टांगलेले असते. एक बंध त्याला गर्भाशयाशी जोडतो, दुसरा ओटीपोटाच्या भिंतीशी. रक्तवाहिन्याही याच वाटेने येतात. अंडाशय या आधाराभोवती फिरले की देठ पिळला जातो. बऱ्याचदा गर्भनलिकाही सोबत फिरते. यालाच ‘ओव्हेरियन टॉर्शन’ म्हणतात. पीळ पडल्यावर आधी पातळ भिंतींच्या शिरा दबतात. रक्त आत येत राहते, पण बाहेर पडू शकत नाही. अंडाशय सुजते, सुजेमुळे दाब वाढतो आणि अखेर धमनीतील प्रवाहही थांबतो. तिथून पुढे ऊती मरू लागतात.

धोका कोणाला जास्त?

प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आहे. अंडाशयात ५ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असेल तर तिच्या वजनाने पीळ पडण्याची शक्यता वाढते. डर्मॉइड प्रकारची गाठ त्यासाठी विशेष ओळखली जाते. वंध्यत्वावरील उपचारात दिलेल्या इंजेक्शनांनी अंडाशये मोठी होतात, तेव्हाही धोका असतो. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, पीळ पडू शकतो. उजव्या बाजूला हे प्रकार जास्त आढळतात, कारण डाव्या बाजूची जागा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाने व्यापलेली असते. उजव्या बाजूच्या दुखण्यात अपेंडिक्सशी गल्लत होते, ती त्यामुळेच. लहान आणि किशोरवयीन मुलींमध्ये तर कोणतीही गाठ नसतानाही निरोगी अंडाशयाला पीळ पडू शकतो.

सोनोग्राफीत काय शोधले जाते?

संशय आल्यास पहिली तपासणी सोनोग्राफीची. ती लवकर होते, तुलनेने स्वस्त असते आणि तिच्यात किरणोत्सर्ग नसतो. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे आकार. दुखणाऱ्या बाजूचे अंडाशय दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट मोठे, साधारण ४ सेंटीमीटरच्या पुढे दिसले, तर संशय बळावतो. सुजेमुळे आतील बीजपुटिका कडेला ढकलल्या जातात आणि माळेतल्या मोत्यांसारख्या दिसतात. अंडाशय जागा सोडून गर्भाशयाच्या वर किंवा मागे सरकलेले असू शकते. आजूबाजूला थोडे पाणी साठलेले दिसते. पिळलेला देठ भोवऱ्यासारखा गोल गोल दिसला, तर ती फार बोलकी खूण. मात्र ती टिपायला अनुभवी नजर लागते आणि प्रत्येक रुग्णात ती सापडत नाही.

मग डॉप्लर फसवतो कसा?

डॉप्लर तंत्राने रक्ताचा प्रवाह रंगात दिसतो. प्रवाह अजिबात नसेल आणि लक्षणेही जुळत असतील, तर पिळाची शक्यता खूप वाढते. उलटे मात्र खरे नाही. प्रवाह दिसला म्हणून पीळ नाही, असे म्हणता येत नाही. याची कारणे शरीररचनेतच आहेत. अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त मिळते. एक धमनी थेट महाधमनीतून येते, दुसरी शाखा गर्भाशयाच्या धमनीतून. एक वाट अडली तरी दुसरी काही काळ चालू राहते. पीळ सैल असेल तर शिरा दबतात, पण धमनी वाहत राहते. काही वेळा पीळ आपोआप सुटतो आणि पुन्हा पडतो; तपासणी नेमकी सुटलेल्या वेळी झाली तर चित्र जवळपास नॉर्मल दिसते. शस्त्रक्रियेत पीळ सिद्ध झालेल्या अनेक रुग्णांमध्ये आधीच्या डॉप्लरमध्ये प्रवाह दिसलेला असतो. म्हणूनच अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, ‘एकॉग’ने, किशोरवयीन मुलींबाबत २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात केवळ डॉप्लरवरून निर्णय घेऊ नये, असे स्पष्ट केले आहे.

मुलींच्या तपासणीत वेगळी अडचण कोणती?

विवाहित स्त्रियांमध्ये योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशय जवळून आणि स्पष्ट दिसते. शारीरिक संबंध न आलेल्या मुलींमध्ये तपासणी पोटावरूनच करतात. त्यासाठी मूत्राशय भरलेले लागते. पण उलट्या होणाऱ्या मुलीला तांब्याभर पाणी पाजून तासभर बसवून ठेवणे घातक ठरू शकते. एक तर वेळ जातो आणि दुसरे म्हणजे शस्त्रक्रिया करावी लागल्यास पोट रिकामे हवे असते. अशा वेळी सलाइनने किंवा नळीवाटे मूत्राशय भरण्याचा पर्याय असतो.

सीटी, एमआरआय कधी?

अपेंडिक्सच्या संशयाने सीटी स्कॅन आधीच झालेला असेल, तर त्यातही पिळाच्या खुणा सापडू शकतात. अंडाशय मोठे दिसते, गर्भाशय त्या बाजूला ओढले गेलेले असते, देठ जाड झालेला असतो. दोन्ही अंडाशये सीटीत स्पष्ट आणि पूर्ण नॉर्मल दिसली, तर पिळाची शक्यता बरीच कमी होते. परंतु सीटीत किरणोत्सर्ग असतो, त्यामुळे मुली आणि गर्भवतींमध्ये ती पहिली तपासणी नव्हे. एमआरआयमध्ये तो धोका नाही, चित्रही अधिक स्पष्ट मिळते. गर्भारपणात निदान अडले तर तिचा उपयोग होतो. मात्र तिला वेळ लागतो आणि रात्री-अपरात्री ती सर्वत्र उपलब्ध नसते. रक्ताच्या कोणत्याही चाचणीत पीळ कळत नाही. प्रजननक्षम वयातील स्त्रीमध्ये गर्भधारणा चाचणी मात्र आवश्यक असते, कारण गर्भनलिकेतील गर्भधारणेतही असेच दुखते.

काळे पडलेले अंडाशय काढावेच लागते?

पक्के निदान दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतच होते आणि उपचारही तिथेच. पीळ सोडवून अंडाशय जागेवर ठेवले जाते. निळे-काळे पडलेले अंडाशय मेलेच असे समजून काढून टाकण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. पीळ सोडवल्यास रक्ताची गुठळी फुप्फुसात जाईल, अशी भीतीही होती. अनुभवाने ती निराधार ठरली. अशी अनेक अंडाशये काही आठवड्यांत सावरतात आणि नंतरच्या सोनोग्राफीत त्यांत पुन्हा बीजपुटिका दिसतात. त्यामुळे किशोरवयीन मुलींमध्ये बाह्यरूप कसेही असले तरी अंडाशय वाचवण्यावर भर द्यावा, असे ‘एकॉग’चे मार्गदर्शन सांगते. अमुक तासांनंतर आशा संपली, अशी ठाम रेषा नाही. पण प्रत्येक तासागणिक शक्यता कमी होते.

उशीर टाळायचा कसा?

तालुक्याच्या ठिकाणी रात्री सोनोग्राफी करणारे तज्ज्ञ हजर असतीलच असे नाही. गर्भलिंग निदानाला आळा घालण्यासाठीच्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार यंत्र आणि केंद्र नोंदणीकृत असावे लागते. पोर्टेबल यंत्र हवे तिथे नेता येत नाही. हे निर्बंध आवश्यकच आहेत. मात्र पोटदुखीच्या तपासणीला हा कायदा कोणतीही आडकाठी करत नाही. तज्ज्ञ उपलब्ध नसतील, तर सकाळची वाट पाहण्याऐवजी रात्रीच पुढे पाठवणे हाच मार्ग.

घरच्यांनीही डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात. दुखणे नेमके किती वाजता आणि कसे सुरू झाले, ते मध्येच थांबून पुन्हा येते का आणि अंडाशयात गाठ असल्याचे पूर्वी कधी सांगितले होते का. अहवाल नॉर्मल आला, पण मुलगी कळवळतेच आहे, तर स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत त्याच रात्री घ्यावे. अहवालातील ‘रक्तप्रवाह दिसतो’ हे वाक्य तपासणीच्या त्या काही मिनिटांपुरते असते. तिला घरी पाठवायचे की शस्त्रक्रियागृहात न्यायचे, हे तिची लक्षणे आणि डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी यांवरूनच ठरायला हवे.