डोंगरीच्या खाटांचा अंदाज

महाराष्ट्र विधिमंडळाच्या सन्माननीय सदस्यांस,



आमच्या वरळी कोळीवाड्यात जिला नुसते ‘डोंगरी’ म्हणतात आणि सरकारी दफ्तरात जी निरीक्षणगृह म्हणून दाखल आहे, त्या उमरखाडीच्या वास्तूत, जिथे 1882 साली टिळक-आगरकरांनी 101 दिवसांचा कारावास भोगला, पुढील वर्षी किती विधिसंघर्षग्रस्त बालके दाखल होतील आणि किती काळ राहतील, याचा अंदाज आपल्यापुढे ठेवण्याची जबाबदारी 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने कोणावरही टाकलेली नाही. कलम 16 अन्वये बाल न्याय मंडळापुढील प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा मुख्य महानगर दंडाधिकारी यांनी दर तीन महिन्यांनी आणि उच्चस्तरीय समितीने दर सहा महिन्यांनी घ्यावयाचा असतो, हे खरे. परंतु ती साचलेल्याची मोजदाद आहे, येणाऱ्याची तजवीज नव्हे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 1997 साली कायद्याने एक परिषद नेमून, प्रौढ कैद्यांबरोबरच राज्याच्या ताब्यातील अल्पवयीनांचीही भावी संख्या वर्तवण्याचे काम तिच्याकडे सोपवले. कोळ्यांना याचे नवल वाटू नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद राहणार म्हणून सुक्या मासळीची बेगमी घरोघर उन्हाळ्यातच झालेली असते. सरकारची रीत मात्र ऐन वेळी जागा शोधण्याची. कायदेभंगाच्या काळात तुरुंग अपुरे पडले तेव्हा याच वरळीतल्या विकास खात्याच्या चाळींचा तुरुंग झाला होता.

अर्थात अशा अंदाजाची धास्तीही आहे. कोणत्या वस्तीतली, कोणत्या जमातीची पोरे उद्या गुन्हा करतील, अशी यादी पोलीस ठाण्यात तयार होणार असेल, तर ती आम्हांस मुळीच नको. जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरवणारा कायदा रद्द होण्यास 1952 साल उजाडावे लागले आणि पारध्यांच्या पाठीमागचा संशय त्यानंतरही सुटलेला नाही.

भाकीत करावयाचे ते मुलांचे नव्हे, खात्याचे. समजा, दरमहा 30 मुले दाखल झाली आणि प्रत्येकाचा मुक्काम दोन महिन्यांचा असला, तर खाटा 60 लागतात; मुक्काम चार महिन्यांवर गेला की 120, आणि या वाढीत एकाही नव्या गुन्ह्याचा हात नसतो. हात असतो तो परिविक्षा अधिकाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीचा, न आलेल्या सामाजिक तपासणी अहवालाचा, जामीन मिळूनही न्यावयास कोणी न आलेल्या मुलाच्या पत्त्याचा. कलम 14 ने चौकशीस चार महिन्यांची मुदत घातली आहे; मंडळाला ती फार तर आणखी दोन महिने वाढवता येते. ती पाळली जाईल असे धरून एक आकडा आणि चालू गतीने दुसरा, असे दोन्ही शेजारी छापले, तर दिरंगाईची किंमत खाटांत मोजता येईल.

म्हणून विनंती अशी की, विधेयकास जसे वित्तीय ज्ञापन जोडले जाते, तसे मुलांच्या ताब्याची मुदत वा कारणे बदलणाऱ्या प्रत्येक तरतुदीस भावी संख्येचे ज्ञापन जोडावे. अर्थसंकल्पी अधिवेशनात महिला व बालविकास विभागाने प्रत्येक निरीक्षणगृह, विशेष गृह आणि सुरक्षित स्थान यांचे तीन वर्षांचे अनुमान सादर करावे, त्यात कोणाही बालकाची ओळख वा वस्तीचे नाव नसावे. आणि गतवर्षीचे अनुमान किती चुकले व का, हे त्याच कागदाच्या पहिल्या पानावर लिहावे.

आपला नम्र,
वरळी कोळीवाड्यातील एक रहिवासी