‘छान रमला आहे!’

जबलपूरच्या मराठी घरांत एक वाक्य अधूनमधून ऐकू येते. मुलाला नागपूरला आजोळी ठेवलेले असो, तो पुण्याला मावशीकडे शिकत असो, नाहीतर कोट्याच्या वसतिगृहात असो. शेजारीण विचारते, ‘‘कसा आहे हो?’’ आणि आई लगेच सांगते, ‘‘छान रमला आहे!’’ विचारणारीचे समाधान होते, सांगणारीलाही जरा धीर येतो. ज्याच्याविषयी हे बोलणे चालते, त्याला मात्र कुणी काही विचारलेले नसते.

त्याला विचारले असते, तर तो काय म्हणाला असता? मराठीत या प्रश्नाचे उत्तर एका शाळकरी मुलाने देऊन ठेवले आहे. त्याचे नाव लंपन.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांत लंपन भेटतो. पहिले पुस्तक १९९४ साली आले, शेवटचे संतांच्या मृत्यूनंतर. तसे हे कथासंग्रह. पण ओळीने वाचत गेले की एका मुलाच्या मोठे होण्याची सलग कादंबरीच वाचल्यासारखे वाटते. बेळगावकडच्या सीमाभागातले गाव, घरात आजी-आजोबा, शेजारपाजार, शाळा, मित्र आणि सुमी नावाची मैत्रीण. आई-वडील मात्र दुसऱ्या गावी.

लंपनचे हाल होत नाहीत, ही या कथांतली मोठी गंमत आहे. छळणारी मामी नाही, उपाशी ठेवणारे कुणी नाही. आजी-आजोबांचा त्याच्यावर जीव आहे. तो खेळतो, भटकतो, गाण्यात रंगून जातो. एखाद्या नातेवाइकाने पाहिले असते, तर तोही म्हणाला असता, ‘‘छान रमलाय की!’’ आणि ते खोटेही नव्हते. तरीही पहिल्या पुस्तकाचे नाव ‘वनवास’ आहे. प्रेमळ घरातही मुलाला वनवास असू शकतो, हे त्या एका शब्दात आले.

लंपन स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो. ‘मला आईची आठवण येते’ असे सरळ सांगून तो मोकळा होत नाही. मनात काही दाटले की त्याच्या तोंडी भलेमोठे आकडे येतात. एखादी गोष्ट चार-दोनदा नव्हे, तर हजार-दोन हजार वेळा झालेली असते आणि तीही अगदी मोजून! ‘मॅड’ हा त्याचा आवडता शब्द. वाचताना हसू येते, पण हसता हसता वाचक थबकतो. भावना मोठी आणि शब्द अपुरे; मग मूल बिचारे आकड्यांचा आधार घेते.

हे सारे लेखकाने कुठून आणले असेल? संतांचा जन्म १९३७ सालचा, बेळगावचा. कवी ना. मा. संत आणि कवयित्री इंदिरा संत यांचे ते चिरंजीव. वडील १९४६ साली वारले, तेव्हा प्रकाश जेमतेम नऊ वर्षांचे होते. आईच्या माहेरी, दीक्षितांकडे, ते दत्तक गेले आणि कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित झाले. पुढे कऱ्हाडच्या महाविद्यालयात त्यांनी भूशास्त्र शिकवले. ‘वनवास’ पुस्तकरूपाने आले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. लंपन म्हणजे संतच, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण लहानपणी न बोललेली गोष्ट माणूस किती वर्षे जपून ठेवतो, हे यावरून दिसते.

जबलपूरच्या वाचकाला लंपन जवळचा वाटावा, याला आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. तोवर जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्याच दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. दोन्हीकडची मराठी घरे सीमेच्या पलीकडे राहिली. लंपनच्या मराठीत कानडी मिसळलेली आहे, तशी इथल्या मुलांच्या मराठीत हिंदी. ‘‘तो येऊन राहिला आहे’’ असे इथला मुलगा सहज म्हणतो आणि पुण्याची मावसभावंडे हसतात. हसण्यावारी गेलेले मूल पुढच्या वेळी बोलण्याआधी विचार करते. घर दूर, त्यात बोलणेही परके. मग ते गप्प राहणे पसंत करते. मोठ्यांना वाटते, रमले.

असाच एक मुलगा दूर स्वीडनमध्येही आहे. रेइदार यॉन्सन यांची त्याच्यावरची कादंबरी १९८३ साली आली आणि दोनच वर्षांनी लासे हालस्ट्रॉम यांनी तिच्यावर चित्रपट काढला. तो इतका गाजला की ऑस्करच्या नामांकनांपर्यंत पोहोचला. चित्रपटातल्या इंगेमारची आई क्षयाने आजारी असते, म्हणून त्याला खेड्यात मामाकडे पाठवतात. मामा मोठा गमत्या, गाव प्रेमळ. इंगेमारही रमतो. पण मनातल्या मनात तो स्वतःची तुलना लायकाशी करत असतो. १९५७ साली रशियाने यानात बसवून अंतराळात पाठवलेली ती कुत्री! तिच्या मानाने आपले बरे चालले आहे, अशी तो समजूत घालतो. मागे राहिलेल्या त्याच्या लाडक्या कुत्रीचे काय झाले, हे मात्र त्याला कुणी वेळेवर धड सांगत नाही.

लंपनचे आकडे काय किंवा इंगेमारची लायका काय, गोष्ट एकच. मूल दुःख सांगत नाही असे नाही. ते आडवळणाने सांगते. ऐकणाऱ्याला ते वळण ओळखता आले पाहिजे. फोनवर मुलगा आईबद्दल चकार शब्द काढत नाही; पण अंगणातल्या मांजराला पिल्ले झाली का, त्याच्या सायकलला कुणी हात लावला का, हे तीन-तीनदा विचारतो. ती सायकलची चौकशी नसते.

मुलांना दूर ठेवूच नये, असे याचे तात्पर्य नाही. नोकरी, आजारपण, शिक्षण यांपुढे घराचा इलाज चालत नाही, आणि आजोळच्या मायेने मुले मोठीही होतात. पण ‘रमला आहे’ या दोन शब्दांवर विषय संपवू नये. घरातले बदल, मग ते वाईट का असेनात, मुलाला त्याच्या वयाला झेपतील अशा शब्दांत सांगावेत. ठरवलेल्या दिवशी भेटायला जावे. जमत नसेल तर तसे आधी कळवावे. वाट पाहणाऱ्या मुलाचा हिशेब मोठ्यांपेक्षा पक्का असतो.

लंपन २०२४ साली निपुण धर्माधिकारी यांच्या मालिकेतून पडद्यावरही आला आणि त्याच वर्षी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ती सर्वोत्कृष्ट वेबमालिका ठरली. मालिका अवश्य पाहावी, पण पुस्तकही घरात असावे. सुट्टीत मुलगा घरी आला की रात्रीच्या जेवणानंतर त्यातली एखादी कथा मोठ्याने वाचावी. कथा संपल्यावर त्याला लगेच काही विचारू नये. दिवा मालवल्यावर कदाचित तो आपणहून बोलू लागेल. त्या वेळी झोप आली आहे, उद्या बोलू, असे मात्र म्हणू नये.