पेल्यावर आडवा हात



गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. वडिलांचे वय ७४. आई गेल्यापासून ते घराबाहेर फारसे पडत नाहीत. मुलीने आग्रहाने प्रागच्या चार दिवसांच्या सहलीचा बेत आखला, तेव्हा वडील प्रथमच उत्साहाने म्हणाले, “तिथल्या एखाद्या जुन्या बियरगृहात बसून एक पेला घ्यायचा आहे.” त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मुलगी विचारते, “मी नाही म्हणू का? की होकार देऊन जिवाला घोर लावून घेऊ?”

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येतो. म्हणून आजचे सदर त्यासाठीच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही. तेव्हा आजवर ज्यांनी मद्य घेतले नाही, त्यांनी प्रवासाच्या निमित्ताने आरंभ करण्याचे काहीच कारण नाही. परंतु जे क्वचित घेतात, त्यांना केवळ ‘नको’ म्हणून गप्प बसवल्याने प्रश्न सुटत नाही. वडील मुलीच्या नजरेआड घेतील, आणि तेच अधिक धोक्याचे.

आता प्रागविषयी. चेक प्रजासत्ताक हा दरडोई बियर पिण्यात जगात अग्रस्थानी असलेला देश. १८४२ साली याच देशातील पिल्झेन गावी योझेफ ग्रोल या कारागिराने जी सोनेरी बियर घडवली, तिच्या धर्तीवरची बियर आज जगभर प्याली जाते. प्रागमध्ये बियरगृह म्हणजे शेजारपाजाऱ्यांनी सायंकाळी जमण्याचा पारच म्हणा ना. हुसोवा रस्त्यावरील ‘ऊ झ्लातेहो तिग्रा’ येथे लेखक बोहुमिल ह्राबाल नित्य येऊन बसत. १९९४ साली अध्यक्ष व्हाक्लाव हावेल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांना तेथेच नेले होते. ‘ऊ फ्लेकू’ १४९९ पासूनची परंपरा सांगते आणि स्वतःची काळी बियर स्वतःच तयार करते. किल्ल्याजवळ लोरेता चौकात ‘ऊ चेर्नेहो वोला’ हे साधेसुधे, लाकडी बाकांचे ठिकाण आहे.

खर्चाचा विचार करता एकच सूत्र ध्यानात ठेवावे: जितके जुन्या नगरातील मुख्य चौकाच्या जवळ, तितके महाग. साध्या वस्तीतील बियरगृहात अर्ध्या लिटरचा पेला गेल्या काही वर्षांत साधारण ५० ते ७० कोरुनांना मिळत आला आहे. चौकात घड्याळासमोर बसून तोच पेला घेतला तर दुप्पट किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागतात. ट्रामने विनोह्राडी, झिझ्कोव्ह किंवा होलेशोविचे या वस्त्यांकडे गेल्यास खिसा आणि कान दोहोंना स्वस्थता लाभते. बसण्यापूर्वी दारावरील दरपत्रक पाहावे. दर लिहिलेले नसतील तर पुढे जावे. २०१७ पासून तेथील बियरगृहांत धूम्रपानास बंदी आहे. दम्याच्या रुग्णांना हा मोठाच दिलासा.

दरपत्रकावर १०, ११, १२ असे आकडे दिसतात. ते मद्यार्काचे शतमान नव्हे! आंबवण्यापूर्वीच्या द्रावात किती शर्करा होती, त्याचे ते माप. १० अंशांच्या बियरमध्ये मद्यार्क सुमारे ४ टक्के, तर १२ अंशांच्या बियरमध्ये सुमारे ५ टक्के असतो. आता हिशेब करू. ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. १० अंशांच्या लहान पेल्यात, म्हणजे ३०० मिलिलिटरमध्ये, १० ग्रॅमहूनही थोडा कमी. म्हणून ज्येष्ठांनी ‘माले पिवो’, म्हणजे लहान बियर, हे दोन शब्द आवर्जून पाठ करावेत. निम्म्याहून कमी मद्य, आणि चव तीच.

येथे माझ्याच घरातील एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी दादा-वहिनींसमवेत मी प्रागला गेले होते. दादाचे वय तेव्हा ७१. एका जुन्या बियरगृहात त्याने एक पेला मागवला. तो संपतो न संपतो तोच वाढप्याने न विचारता दुसरा आणून ठेवला आणि टेबलावरच्या कागदाच्या चिठ्ठीवर आणखी एक रेघ ओढली. लहानपणी आमच्या आजीने शिकवले होते की पानात आलेले टाकायचे नाही. दादाने दुसरा संपवला. मग तिसरा आला. संकोचापोटी तोही घेतला. बाहेर पडलो तेव्हा पावसाची भुरभुर होती, रस्ता दगडी चिऱ्यांचा. चार पावलांवर दादाचा तोल गेला. वहिनीने दंड धरला म्हणून तो गुडघ्यावर निभावला. अन्यथा खुब्याचे हाड मोडले असते. त्या वयातील असे अस्थिभंग पुढची सारी वर्षे बदलून टाकतात, हे शुश्रूषेच्या कामात मी किती वेळा पाहिले आहे!

दुसऱ्या दिवशी कळले की तेथील जुन्या बियरगृहांतून हीच रीत आहे. पुरे झाले की पेल्याखालचा पुठ्ठ्याचा गोल तुकडा पेल्यावर ठेवायचा. मग कोणी आणत नाही, कोणी रागावतही नाही. आपल्या पंगतीत वाढप्यासमोर पानावर आडवा हात धरतात ना, अगदी तसेच. दादा हसून म्हणाला, “एवढंच होतं तर!” उरलेले तीन दिवस तो पहिल्याच लहान पेल्यावर पुठ्ठा ठेवत असे, आणि गप्पांत काही उणे पडले नाही.

वाढत्या वयात पूर्वीइतकेच मद्य अधिक का चढते? शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच मद्याची रक्तातील तीव्रता वाढते. त्यात औषधांची भर. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास उठताना दाब एकाएकी उतरून भोवळ येऊ शकते. इन्शुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर काही तासांनी, बहुधा झोपेत, धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रिकाम्या पोटी तर अधिकच. झोपेच्या गोळ्या आणि मद्य यांची गाठ घालूच नये. वॉरफरिन, मेट्रोनिडाझोल, तसेच यकृताचा विकार किंवा संधिरोग असल्यास प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. लाजून लपवू नये. डॉक्टर ‘नाही’ म्हणाले, तर तो निर्णय अंतिम समजावा.

आता सोबत जाणाऱ्यांसाठी चार व्यवहारी सूचना. बियरगृहात दुपारी जावे. गर्दी कमी असते आणि परतीच्या वाटेवर उजेड असतो. बसण्यापूर्वी प्रसाधनगृह कोठे आहे ते पाहावे. जुन्या इमारतींत ते पुष्कळदा अरुंद जिन्याने तळघरात असते. सोबत खाणे अवश्य घ्यावे. शाकाहारी मंडळींना ‘स्माझेनी सीर’, म्हणजे तळलेले चीज, हा परिचित आधार. गुलाश मात्र मांसाचा असतो. प्रत्येक पेल्याबरोबर पाणी घ्यावे. रात्री शौचास उठावे लागते, म्हणून खोलीतील दिवा चालू ठेवावा. औषधांची यादी आणि विम्याचा कागद खिशात असावा. मद्यपानानंतरच्या दुखापतीस विमा लागू होतो का, तेही आधीच वाचून घ्यावे. आणीबाणीत ११२ हा क्रमांक फिरवावा. गाडी चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये. तेथील कायदा चालकाच्या रक्तात मद्याचा अंशही खपवून घेत नाही.

ज्यांना मद्य वर्ज्य आहे, त्यांनी बाहेर थांबण्याची गरज नाही. ‘नेआल्को पिवो’, म्हणजे मद्यविरहित बियर, तेथे सर्रास मिळते आणि ती मागताना कोणी भुवई उंचावत नाही. तिच्यातही अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो आणि शर्कराही असते, हे मधुमेहींनी लक्षात घ्यावे. व्यसनातून निग्रहाने बाहेर पडलेल्यांनी मात्र तिच्याही वाटेस जाऊ नये. वास आणि चव जुनी ओढ जागी करू शकतात. अशा सोबत्यासाठी नदीकाठचा फेरफटका आणि कॉफी हाच उत्तम बेत, आणि तोही साऱ्यांनी मिळून करावा.

आता पत्रलेखिका भगिनीस उत्तर. ताई, वडिलांच्या मागणीतला ‘पेला’ हा शब्द आपण ऐकला. ‘बसून’ हाही ऐकावा. आई गेल्यानंतर त्यांच्यासमोर बसून निवांत बोलणारे कोणी उरले आहे का? डॉक्टरांची संमती घ्यावी. मिळाली तर लेत्ना टेकडीवरील बागेत, व्ल्तावा नदी आणि तिच्यावरचे पूल दिसतील अशा बाकावर, दुपारच्या उन्हात त्यांच्यासाठी एक लहान पेला मागवावा. संमती नसेल तर मद्यविरहित पेला मागवावा. बाक तोच, नदी तीच. आणि आपण समोर बसावे, मोबाइल पिशवीत ठेवून.

चेक लोक पेला उचलताना ‘ना ज्द्रावी’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘आरोग्यासाठी’. पहिल्या पेल्याला ते म्हणावे आणि तो संपला की पुठ्ठा वर ठेवावा.

आपली प्रकृती उत्तम राहो. पुन्हा भेटू पुढील पंधरवड्यात.