झोळीला दोन झाडं द्या

श्रीरामपुरात माझं ताडपत्रीचं दुकान आहे. गळीत हंगाम तोंडावर आला की मुकादम कोप्यांवर टाकायला ताडपत्र्या नेतात, पावसाळ्याआधी शेतकरी कांदा झाकायला येतात. एरवी ट्रॅक्टरच्या हुडाला ठिगळ, गाडीच्या सीटला कव्हर, अशी किरकोळ कामं. पाच-सहा वर्षांपूर्वी लोणीला शिकणारा एक पोरगा मोबाइलमध्ये फोटो घेऊन आला. "काका, असं हॅमॉक शिवून द्याल का?" फोटो बघून मला हसू आलं. म्हटलं, "अरे, ही तर झोळी!"

कॅनॉलच्या कडेला दोन बाभळींच्या मधे लुगड्याची झोळी, आत तान्हं, आणि पलीकडच्या फडात त्याची आई मोळी बांधतेय, हे आमच्या भागात दर हिवाळ्यात दिसतं. ती काही हौस नव्हे. खाली विंचूकाटा, ओल, उसाची धारदार पाचट. मूल ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणून ती झोळी. कोलंबस १४९२ साली बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसंही अशाच विणलेल्या झोळ्यांत झोपत होती. हॅमॉक हा शब्द त्यांच्याच भाषेतून आलाय. खालची जमीन झोपण्याजोगी नसली की माणूस वर टांगून घेतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

त्या पोराला तीन मीटर पॅराशूट कापड घेऊन, दोन्ही टोकांना नेफा घालून, डबल शिलाई मारून झोळी दिली. दुकानामागच्या लिंबाला बांधून बघितली, तर मी बसलो आणि पलीकडे पडलो. खाटेसारखी गच्च ताणली होती ना! ती बांधायची सैल, केळासारखा बाक ठेवून, आणि आत आडवं व्हायचं थोडं तिरकं. म्हणजे पाठ सपाट राहते. तेव्हापासून वर्षाला वीस-पंचवीस झोळ्या शिवतो. माझा यात धंदा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना तेवढं वजा करा.

गेल्या उन्हाळ्यात बाहेरगावी पाहुण्यांकडे गेलो होतो. दुपारी तिथल्या सरकारी बागेत नातवासाठी झोळी बांधली. पाच मिनिटांत रखवालदार हजर. "झाडाला काही बांधायचं नाही." मी मुकाट्यानं सोडली. मग बघितलं, त्याच झाडावर क्लासच्या जाहिरातीचा पत्रा चार खिळ्यांनी ठोकलेला होता.

पण रखवालदाराचं सगळंच चुकीचं नव्हतं. झाडाचं अन्न खाली नेणारा थर सालीच्या आत लगेच असतो. नायलॉनच्या बारीक दोरीवर माणसाचं वजन आलं की ती सालीत रुतते, आणि रोज कुणी ना कुणी बांधलं तर झाडाला कायमची इजा होते. यावर तोडगा आपल्या घरातच होता: जुन्या पलंगाची नवार. दोन इंच रुंदीचा नवारीचा पट्टा खोडाला वेढला आणि झोळीची दोरी त्या पट्ट्यात अडकवली, की वजन पसरतं. मी आता पट्ट्यांशिवाय झोळी विकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "पट्टे नकोत, दोरी आहे घरी." मग मी म्हणतो, झोळीही नको मग.

आमच्या कॅनॉलला पाणी येतं भंडारदऱ्याचं. १९२६ साली ते धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर आमचा ऊस उभा राहिला. त्या पाण्याच्या उगमाकडे मी अधूनमधून जातो. मेअखेरीला काजवे बघायला तिथं जी गर्दी उसळते, ती बघितलीये. जिथं तंबू लागतो तिथलं गवत दबतं, माती घट्ट होते, चर खणले जातात. आणि काजव्याच्या अळ्या तर ओल्या मातीतच वाढतात. झोळीखालची माती होती तशी राहते. उताराला सपाट जागा शोधावी लागत नाही, कातळात खुंटी ठोकावी लागत नाही.

म्हणून झोळी कुठंही बांधावी, असं मात्र माझं म्हणणं नाही. देवराईत नको. काजवे ज्या हिरड्या-बेहड्यांवर, सादड्यांवर उतरतात, त्यांना हंगामात हात लावायचा नाही. कोकणकड्यावर तर बांधायला झाडच नाही. आणि आमच्या श्रीरामपूर-राहात्याच्या उसात बिबट्या पिलं वाढवतो. कॅनॉलवर रात्री झोळीत झोपायला निघालेल्या पोरांना मी स्वतः दुकानातून परत पाठवलंय. इथं झोळी दिवसाची, बागेतली. रात्रीची झोळी वस्तीजवळ, गावाच्या नजरेत.

मागणी साधी आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे. तिथं पर्यटनासाठी शिरायला १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. त्याच परवानगीत झोळीबद्दल चार ओळी असाव्यात: कुठल्या झाडांना, केवढ्या रुंद पट्ट्यानं, जमिनीपासून किती उंच. मांडीएवढं तरी जाड खोड हवं आणि झोळी बसायच्या उंचीपेक्षा वर नको, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. झाडं निवडून द्यावीत पायथ्याच्या गावांनी, आणि त्याचे पैसेही गावालाच मिळावेत. शहरांत १९७५च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणं आहेत. झाड तोडायला परवानगी द्यायची की नाही, हे ती ठरवतात. तसं कुठल्या झाडाखाली माणसानं दुपारी टेकावं, हेही ठरवू देत.

सरसकट बंदीनं काय होतं, ते मी गल्ल्यावर बसून बघतो. बांधणारे बांधतातच, फक्त लपून, घाईनं, हाताला लागेल त्या दोरीनं. परवानगी दिली तर पट्टा तपासता येतो. बंदी घातली की तपासायला कुणी थांबत नाही, हाकलून मोकळा होतो.

श्रीरामपुरातल्या एखाद्या बागेत दोन जाडजूड झाडं झोळीसाठी राखून ठेवली, तर नवारीचे पट्टे मी शिवून देईन, फुकट. वर्षभरानं त्या झाडांची साल सगळ्यांनी येऊन बघावी. वळ उठलेला दिसला तर झोळ्या शिवायचं बंद करीन. ताडपत्रीवर दुकान आधीही चालत होतंच.