आधी गाडी तपासा, मग बाई

मैत्रिणींनो, गाडी डगमगली की दोष कोणाचा? चालवणारा पुरुष असेल तर गाडीचा, बाई असेल तर बाईचा. हे मी अनुभवाने सांगते आहे.

गावोगावच्या बैठकांसाठी मी सहा वर्षं मोटरसायकल चालवते. गेल्या पावसाळ्यात ती त्रास द्यायला लागली. मोकळ्या रस्त्यावर ठीक. पण बाजारात, वळणावर, चिखलात वेग कमी केला की हँडल अडल्यासारखं व्हायचं आणि गाडी झुलायची. गॅरेजवाल्याने एक फेरी मारली, तीही जोरात, आणि म्हणाला, "ताई, गाडी चांगली आहे. तुम्हाला जड जाते. बिनगिअरची घ्या." घरात आणि संघटनेतही सूर तोच. वाईट म्हणजे मलाही ते पटलं. वय झालं, हात थकले, असं मी स्वतःला सांगू लागले. मग आठवडी बाजारात गाडी आडवी झाली. मागे बसलेल्या कार्यकर्तीचं मनगट मोडलं. महिनाभर मी गाडीला हात लावला नाही. एसटी न जाणाऱ्या तीन गावांच्या बैठका त्या महिन्यात झाल्याच नाहीत.

शेवटी गाडी विकायला निघाले, तर वाटेत पुढचं चाक पंक्चर. पंक्चरवाल्याने चाक परत बसवलं, तेव्हा ते अजून अधांतरीच होतं. सहज मी हँडल बोटांनी फिरवलं. बरोबर मध्यावर ते खाचेत पडल्यासारखं अडकलं. गाडीवर तर मी बसलेलीही नव्हते! कोनसेट खोलायला लावला. ग्रीस वाळलेलं, गंज चढलेला, छऱ्यांनी वाटीत खड्डे पाडलेले. कोनसेट बदलला आणि गाडी पूर्वीसारखी सरळ चालू लागली.

कारण साधं आहे. वेगात गाडी बरीचशी आपली आपण सावरते. हळू चालवताना मात्र तोल आपण हँडलच्या बारीक हालचालींनी सांभाळतो. हँडल मध्यावर अडलं की त्या हालचाली झटक्याने होतात आणि मुरलेली बाईही शिकाऊ दिसते. म्हणून तर हा बिघाड इतक्या सहज आपल्या माथी मारता येतो.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. आधी हवा बघा. पुढच्या चाकात ती कमी असली तरी हँडल जड होतं. मग गाडी डबल स्टँडवर लावून मैत्रिणीला मागची बाजू दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्यावर अडलं तर वाट्या खराब. सगळीकडेच जड असेल तर कोनसेट जास्त आवळलेला, किंवा एखादी केबल ताणलेली. चिमट्याचे दोन्ही पाय खाली धरून पुढे-मागे हलवा. खटखट लागली तर कोनसेट ढिला.

१९९० च्या दशकात तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या, याचं आपल्याला कौतुक आहे. आपणही चालवायला शिकलो. पण पान्यांची पेटी पुरुषांकडेच राहिली. यंत्राचं ज्ञान ज्याच्याकडे, निदान त्याचं. आणि चूक कोणाची हेही तोच ठरवणार. दवाखान्यात पोटदुखी सांगायला गेलेल्या बाईला "मनाचे खेळ आहेत" हे ऐकावं लागतं, त्यातलीच ही गोष्ट.

कधी चूक आपलीही असेल, पण ते तपासून ठरू दे. पुढच्या शिबिरात एक सकाळ गाडी खोलण्यासाठी ठेवा, अशी माझी सगळ्या गटांना विनंती आहे. पाने मी आणते. तुम्ही जुने कपडे घालून या.