बंद फाटकावर रात्री हॉर्न कशाला?

रात्री दोन-अडीचला रेल्वेचा लांबलचक हॉर्न वाजला की रुळालगतच्या घरांतून पहिली शिवी ड्रायव्हरला बसते. माझी सगळी नोकरी इंजिनावर गेली. मीटरगेजवर सुरुवात केली, ब्रॉडगेजवर निवृत्त झालो आणि आता पूर्णेत रुळांपासून हाकेच्या अंतरावर राहतो. ती शिवी चुकीच्या माणसाला बसते आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवं ते त्यातून अलगद सुटतात, म्हणून हे लिहितो आहे.

पूर्णा हे गाव रेल्वेनं वाढवलेलं. निजामाच्या काळात मनमाड–सिकंदराबाद लाईन पडली, पुढं अकोल्याकडं जाणारी लाईन इथून फुटली आणि पूर्णा जंक्शन झालं. वाफेच्या इंजिनांचं शेड, रेल्वे कॉलनी, ड्युटीवर बोलवायला दारात येणारा कॉलबॉय, या सगळ्यावर इथली कित्येक घरं उभी राहिली. मनमाडची लाईन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, अकोल्याची 2008 साली. मग परभणी ते मुदखेड दुहेरी मार्ग आला. गाड्या वाढल्या, वेग वाढला, मालगाड्या लांब झाल्या. जंक्शन असल्यानं काही गाड्यांची दिशा इथं बदलते. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं, आणि त्या प्रत्येक हालचालीआधी हॉर्न द्यावा लागतो. म्हणजे थांबणारी गाडीही शांतपणे जात नाही. 26 ऑगस्ट 2025 पासून नांदेड–मुंबई वंदे भारत सुरू झाली. ती पहाटे पाचला नांदेडहून निघते आणि पूर्णेला न थांबता पुढं जाते. मराठवाड्याला ती गाडी हवी होती, मलाही तिचा आनंद आहे. पण पहाटेची ती वेळ कायद्याच्या हिशोबानं अजून रात्रच असते.

गेल्या हिवाळ्यात शेजारची सून आमच्याकडं आली. बाळंतपणाला दोन महिनेही झाले नव्हते. लेकराला कुशीत घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "काका, तुमच्या लोकांना सांगा ना. याला कसंबसं झोपवावं, मीही जरा डोळा लावावा, की आलाच हॉर्न. रात्री तरी नका म्हणावं वाजवू." थंडीच्या शांत रात्री आवाज फार लांब जातो, त्या दिवसांत तर तिची झोप पार मोडली होती. डोळे लाल झाले होते. मी तिला बसवलं आणि इंजिनाच्या आत काय असतं ते सांगितलं. तेच इथं सांगतो.

रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात 'सी/फा' लिहिलेलं असतं. सीटी वाजवा, पुढं फाटक आहे, असा त्याचा अर्थ. ही पाटी साधारणपणे फाटकाच्या 600 मीटर अलीकडं असते. पाटी आली की हात हॉर्नवर जातो आणि फाटक ओलांडेपर्यंत लांब हॉर्न द्यायचा असतो. ताशी 100 किलोमीटर वेगानं 600 मीटर जायला बावीसेक सेकंद लागतात. घड्याळ लावून बावीस सेकंद मोजून बघा, म्हणजे उशाशी तो आवाज किती वेळ टिकतो ते कळेल. हे ड्रायव्हरच्या मर्जीवर नाही, 1976 च्या जनरल रूल्सप्रमाणे त्याला ते करावंच लागतं. शिवाय रुळांवर माणसं कटण्याच्या जागा कॉशन ऑर्डरवर, म्हणजे ड्रायव्हरला मिळणाऱ्या लेखी सूचनेत येतात, तिथं 'व्हिसल फ्रीली' असा शेरा असतो, म्हणजे मोकळ्या हातानं हॉर्न देत जा. कुणी गाडीखाली आलं की चौकशीत पहिला प्रश्न एकच असतो: हॉर्न दिला होता का? भरलेली गाडी ब्रेक लावला तरी जवळपास किलोमीटरभर घसटत जाते. समोर माणूस दिसल्यावर ड्रायव्हरच्या हातात ब्रेकचं हँडल आणि हॉर्न याशिवाय काही उरत नाही. तो क्षण मी पाहिलेला आहे आणि त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

आता दुसरी बाजू. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात रात्री 40. सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात आवाजापासून सुटका हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला. 2010 च्या दुरुस्तीत निवासी भागात रात्री हॉर्न वाजवू नये, असंही नियमात आलं. इंजिनाचा हॉर्न किती मोठा असतो याचा अंदाज अमेरिकेच्या नियमावरून येतो. तिथं 30 मीटरवर तो किमान 96 डेसिबल भरला पाहिजे आणि 110 च्या वर जाता कामा नये. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. म्हणजे अगदी किमान आवाज धरला तरी 240 मीटरवरच्या घरात 78 डेसिबल पोचतात. मर्यादा 45 ची. एक नियम ड्रायव्हरला वाजव म्हणतो, दुसरा नियम गावाला शांतता देऊ म्हणतो, आणि हे दोन नियम एका टेबलावर ठेवून वाचणारा कुणी अधिकारी मला नोकरीतही भेटला नाही आणि नंतरही नाही.

माझं म्हणणं फाटकापासून सुरू होतं. ब्रॉडगेजवरची सगळी बिनपहाऱ्याची फाटकं जानेवारी 2019 अखेर संपली. तिथं हॉर्न हाच एकमेव पहारेकरी होता, त्याबद्दल वाद नाही. पण आज गावालगत जी फाटकं आहेत त्यातली बरीच इंटरलॉक आहेत. त्यांचं काम असं चालतं: गेटमननं फाटक पाडून कुलूपबंद केल्याशिवाय गेट सिग्नल हिरवा होतच नाही, आणि सिग्नल हिरवा असेपर्यंत फाटक उघडता येत नाही. पिवळ्या गोलात काळा 'जी' असलेल्या त्या खांबावर हिरवा दिवा दिसला, म्हणजे पुढं रस्ता बंद आहे हे ड्रायव्हरला लांबूनच कळलेलं असतं. मग रात्री अडीच वाजता त्या बंद फाटकासाठी बावीस सेकंद अख्खी वस्ती कशासाठी उठवायची?

याला एक उत्तर आहे आणि ते खरं आहे. फाटक बंद असलं तरी लोक खालून वाकून जातात. सायकल आडवी करून, मोटारसायकल तिरपी घालून जातात. फाटक नाही तिथंही पायवाटा पडलेल्या असतात, कारण रुळांच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा, बाजार, काम. दुहेरी मार्ग झाल्यापासून धोका वाढला. एक गाडी गेली की माणूस पाऊल टाकतो आणि तिच्या आडून दुसऱ्या रुळावरची येते. रेल्वे कायद्याच्या कलम 147 मध्ये रुळांवर शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाईला हे कलम सांगून काय होणार? तिला पलीकडं जायला रस्ता नाही.

याच लाईनवर, करमाडजवळ, 8 मे 2020 च्या पहाटे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाकडं निघालेली माणसं होती ती. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद असतील असं समजून टेकली होती. त्या लोको पायलटनं गाडी थांबवायचा प्रयत्न केला. नाही थांबली. ब्रेकचा आणि हॉर्नचा भरवसा किती धरायचा, हे त्या पहाटेनं दाखवून दिलं. डॉ. अनिल काकोडकर यांच्या रेल्वे सुरक्षा समितीनं फेब्रुवारी 2012 मध्येच लिहून ठेवलं होतं की रूळ ओलांडताना देशात वर्षाला जवळपास पंधरा हजार माणसं मरतात, आणि पाच वर्षांत सगळी फाटकं काढून तिथं पूल करा. त्याला आता दहा वर्षं उलटून गेली.

पैसा नाही म्हणतात. ऑक्टोबर 2022 मध्ये गुजरातेत वंदे भारतला म्हशी धडकल्या, आणि त्यानंतर मुंबई–अहमदाबाद मार्गावर सहाशे किलोमीटरहून जास्त लोखंडी कुंपण उभं राहिलं. चांगलं झालं, जनावरंही वाचली. मग नांदेड विभागात ज्या गावांमधून तशीच गाडी धावते, तिथं किमान वस्तीच्या लांबीपुरतं कुंपण आणि पादचारी पूल का होऊ नये? कुंपणाबरोबर पूल हवाच, नाहीतर लोक कुंपण कापतील. आणि फाटकाच्या जागी भुयारी रस्ता करायचा असेल तर तो मराठवाड्याचा पाऊस बघून करा. कमी उंचीचे ते भुयारी पूल जूनमध्ये तळं होतात, पोरं गुडघाभर पाण्यातून शाळेत जाण्याऐवजी पुन्हा रुळांवर चढतात, आणि हॉर्न पुन्हा सुरू होतो.

इतर ठिकाणी यातून वाट काढलेली आहे. इंग्लंडमध्ये 2007 पासून रात्रीच्या ठरावीक तासांत सीटीच्या पाट्यांवर नेहमीचा हॉर्न देत नाहीत. रुळांवर माणूस दिसला तर मात्र देतात. आधी ही वेळ रात्री अकरा ते सात होती, 2016 च्या डिसेंबरात ती बारा ते सहा केली. म्हणजे नियम केला, अनुभव घेतला, पुन्हा बदलला. अमेरिकेत 2005 पासून एखाद्या गावानं फाटकावर जादा सुरक्षा केली, रस्त्याच्या चारही बाजूंना अडसर घातले, तर त्याला शांत क्षेत्र मागता येतं. आपल्याकडं मुंबईत वडाळ्याला एक प्रयोग झाला होता. सलग लांब हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न दिले, कारण तुटक आवाजाकडं माणसाचं लक्ष जास्त जातं. रूळ ओलांडणारा जागा आहे, त्याला सावध करायला छोटा, तुटक हॉर्न पुरतो. मग लांब हॉर्न कुणासाठी?

म्हणून हॉर्न बंद करा अशी मागणी मी करणार नाही. कुणीही ड्रायव्हरला भेटून ती करू नये, त्याच्या हातात ते नाही आणि त्याची नोकरी त्यावर टांगलेली आहे. मागणी रेल्वे बोर्डाकडं आणि दक्षिण मध्य रेल्वेकडं करायची. वस्तीतल्या इंटरलॉक फाटकावर, हिरव्या सिग्नलवर, रात्री दहा ते सहा नेहमीचा लांब हॉर्न देऊ नये, माणूस किंवा जनावर दिसलं तर द्यावाच, आणि हे लेखी आदेशानं व्हावं, म्हणजे उद्या काही घडलं तर लोको पायलटची मान अडकणार नाही. इंजिन बदलताना शंटिंगसाठी वॉकीटॉकी असतात, त्यांचा वापर वाढवला तर यार्डातले हॉर्नही कमी होतील. उड्डाणपुलाच्या खर्चात राज्याचाही वाटा असतो, त्यामुळं आमदार-खासदारांनी नुसतं नवीन गाड्यांना हिरवा झेंडा दाखवायला येऊ नये, पादचारी पुलाचं अंदाजपत्रक घेऊन यावं.

सुरुवात लहान करता येईल. नांदेड विभागानं पूर्णा परिसरातलं एक इंटरलॉक फाटक निवडावं आणि तीन महिने हा नियम रात्रीपुरता तिथं लावून बघावा. लोको पायलटांच्या संघटनांना आधी विश्वासात घ्यावं. आवाज मोजावा, किती लोक बंद फाटकाखालून जातात ते मोजावं, आणि आकडे गावापुढं ठेवावेत. रात्री फाटकाजवळ बसून नोंदी करायला माणसं लागतील. पूर्णेत निवृत्त रनिंग स्टाफ घरोघरी आहे आणि रात्र जागायची सवय कुणाचीच मोडलेली नाही. पहिल्या रात्री मी येतो.